अकरा महिन्यांचे घर

मित्रांनो, एखाद्या घरात पाहुणे वाढले, लग्न निघाले किंवा कुणी थोड्या दिवसांपुरते बिऱ्हाड मांडले, की माझी आठवण होते. काम झाले की मला टेम्पोत घालून परत आणतात. मी एक लोखंडी पलंग आहे, जुना आणि भाड्याने फिरणारा. माझ्या एका पायावर पांढऱ्या रंगात नंबर घातला आहे, म्हणजे हरवलो तर दुकान सापडावे.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, वाकवल्या, जोडल्या. पाठीला लोखंडी पट्ट्यांची जाळी बसवली आणि वरून हिरवा रंग दिला. आम्ही सारे भाऊ एका नर्सिंग होमसाठी घडलो होतो, पण ते नर्सिंग होम उघडलेच नाही. आम्ही कारखान्याच्या अंगणात पडून राहिलो. मग मुलुंडच्या अण्णांनी आम्हांला विकत घेतले. अण्णांचे दुकान स्टेशनजवळच्या गल्लीत होते. पलंग, कपाटे, टेबले, खुर्च्या ते महिन्याच्या बोलीने देत.

मी अरुंद होतो म्हणून मला फारसे कुणी निवडत नसे. तरी कामे मिळत. नोकरीला नवे लागलेले तरुण माझ्यावर पेपर वाचत झोपत. भांडुपच्या एका लग्नात मी नवऱ्याच्या आजोबांना मिळालो. "पाठीला बरा आहे हो हा," असे ते सगळ्यांना सांगत होते. ती माझी पहिली शाबासकी. एका घरी मात्र एक म्हातारे गृहस्थ माझ्यावरच गेले, आणि त्यांच्या मुलाने मला त्याच संध्याकाळी परत पाठवले. अण्णांनी मला फिनेलने पुसले आणि कोणाला काही सांगितले नाही.

पण मी तुम्हांला सांगणार आहे ते नलिनीच्या घराविषयी.

ते चौऱ्याऐंशी साल होते. एका शुक्रवारी दुपारी दोन बायका अण्णांच्या दुकानात शिरल्या. एक तिशीची, सावळी, सडपातळ. ती नलिनी. दुसरी ठेंगणी, दणकट, पदर खोचलेली. ती जानकी, मूळची वेंगुर्ल्याकडची. दोघी भांडुपच्या एका औषध कंपनीत कामाला होत्या.

"लहान मुलीसाठी पलंग हवाय," नलिनी म्हणाली. "आणि एक टेबल, खुर्ची, कपाट. आज मिळेल का?"

"लहान मुलांचे पलंग भाड्याने कोण नेतंय ताई?" अण्णा म्हणाले. नलिनीने मान वळवून उजवा कान पुढे केला. अण्णांनी पुन्हा मोठ्याने सांगितले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "हा घ्या. अरुंद आहे, पण मजबूत. एवढी घाई कसली?"

जानकीने सांगून टाकले, "सोमवारी कोर्टाकडची बाई घर बघायला येतेय. घर काल मिळालं. घरात फक्त भिंती आहेत. आता बोला."

अण्णांनी लगेच वहीत माझा नंबर लिहिला. त्यांनी टेम्पो बोलावला.

मुलुंडच्याच पाच रस्ता चौकामागे एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढे ते घर. घरमालक मार्तंडकाका खालीच राहत. त्यांनी जागा अकरा महिन्यांच्या कराराने दिली होती. त्या काळी भाडेकरू एकदा बसला की उठत नाही अशी सगळ्या मालकांना भीती असे, म्हणून अकरा महिने झाले की जागा सोडायची असा शिरस्ता होता.

मला खिडकीखाली ठेवले. माझ्यावर बसून दोघी बोलत, त्यातूनच मला नलिनीची हकिगत कळली.

तिचा नवरा नंदकुमार बोरिवलीला राहत होता. चांगल्या पगाराचा, शिकलेला, दारूला न शिवणारा माणूस. तो आवाज चढवत नसे. आधी दार बंद करी, कडी लावी, आणि मग मारी. एकदा त्याचा हात नलिनीच्या डाव्या कानावर बसला आणि तो कान कायमचा गेला. ती कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. ती खुर्ची गेली आणि तिला पाकिटे चिकटवायच्या कामावर बसवले. एका सकाळी ती फक्त पर्स घेऊन घराबाहेर पडली. संध्याकाळी मुलीला न्यायला परत गेली, तेव्हा दार उघडले नाही. मुलगी आतून रडत होती. तिचे नाव उत्तरा. सहा वर्षांची, पहिलीत जाणारी.

नलिनी अंधेरीच्या एका महिला वसतिगृहात राहू लागली. तिथे मुलांना परवानगी नव्हती. मुलीच्या ताब्यासाठी ती कोर्टात गेली, तेव्हा नंदकुमारच्या वकिलाने विचारले, मुलीला ठेवणार कुठे? म्हणून हे घर. आणि म्हणून ही घाई.

दोन दिवसांत त्या दोघींनी जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले. जानकीने आपल्या जुन्या साडीचे पडदे शिवले. भिंतीला चुना लावला. गॅससाठी तर तेव्हा वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, म्हणून जानकीने स्वतःच्या घरचा रॉकेलचा स्टोव्ह उचलून आणला. कंपनीतल्या बायकांनी कुणी पातेले दिले, कुणी डबे, कुणी पेले. माझ्यावर गादी आली, गादीवर फुलाफुलांची चादर, आणि उशीशी एक कापडी बाहुली.

रविवारी संध्याकाळी सगळे जागच्या जागी लागले, तेव्हा नलिनी माझ्यावर बसली आणि रडू लागली.

"नाटक वाटतंय गं सगळं," ती म्हणाली. "मी इथे एकदासुद्धा जेवले नाही. आणि सांगायचं, हे माझं घर."

"अगो बाय, रडत काय बसलंस? ऊठ," जानकी म्हणाली. "घराक फोडणीचो वास येवक होयो. नायतर ती बाई दारातच वळाखतली, की हंय कोण रवणा नाय. आमटी टाक. आपण दोघी जेवूया. मग झालं ना घर?"

त्या घरातले पहिले जेवण दोघींनी माझ्या पायाशी बसून केले.

सोमवारी कोर्टाने नेमलेल्या सुहासिनीबाई आल्या. पांढऱ्या साडीतल्या, शांत, नीट बोलणाऱ्या. त्यांनी नळ सोडून पाहिला, बाथरूम पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले.

"मुलगी झोपेल कुठे?"

"इथे," नलिनीने मला हात लावला.

त्या माझ्यावर बसल्या. मी श्वास रोखून धरला. माझी एखादी पट्टी कुरकुरली तर? पण मी आवाज केला नाही. जानकीने पाणी आणले. तुम्हांला ठाऊक आहे, आपल्याकडे भांड्यांवर नावे घालतात. सुहासिनीबाईंनी पेला उचलला आणि त्यावरचे नाव वाचले. विमला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. डब्यावर धाकू सावंत. पातेल्यावर चि. माणिक यांस मुंजीची भेट.

"नलिनीबाई," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "यातलं तुमचं काय आहे?"

जानकी पुढे झाली. "बाई, तिच्या नवऱ्याने तिला चमचासुद्धा दिला नाही. तिने काय आकाशातून आणायचं? लोकांनी विश्वासाने दिलंय. कुणी उगीच देतं का?"

"मी रागावत नाही हो," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पण मला दिसेल तेच लिहावं लागतं. जागा स्वच्छ आहे, ते लिहीन. आईची धडपड आहे, तेही लिहीन. आणि घर परवा मांडलंय, हेही लिहावं लागेल."

त्यांनी तसेच लिहिले. कोर्टाने सांगितले की, मुलगी सध्या वडिलांकडे राहील. शनिवारी दुपारी आईकडे यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. आईचे बस्तान नीट बसलेले दिसले तर पुढच्या सुनावणीत विचार करू.

पहिल्या शनिवारी उत्तरा आली. निळे मोजे, दोन वेण्या, हातात वॉटरबॅग. ती दारातच उभी राहिली.

"इथे कोण राहतं?" तिने विचारले.

"मी राहते."

"एकटी?"

"तू आलीस की दोघी."

मग ती हळूच आत आली. तिने माझ्या पायावरचा नंबर पाहिला आणि विचारले, "आई, याला नंबर का आहे?"

"शाळेत तुझा हजेरीचा नंबर असतो ना? तसा त्याचा."

"म्हणजे हा पण शाळेत जातो?"

नलिनी हसली. त्या घरात मी तिला हसताना प्रथमच पाहिले. उत्तराने माझ्यावर चढून आईच्या गळ्यात हात टाकले आणि तोंड तिच्या उजव्या कानाशी नेले. कुठल्या कानात बोलायचे हे त्या पोरीला पाठ होते. "मला वाटलं तू हरवलीस," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आठवड्यातले शनिवार-रविवार एवढेच दिवस मी खरा जगत असे. उत्तरा माझ्या दांड्यांवर बाहुलीचे कपडे वाळत घाली. माझ्या पट्ट्या चमच्याने वाजवून गाणी म्हणे. ती झोपली की नलिनी खाली चटई टाकून निजे आणि एक हात वर करून माझा दांडा धरून ठेवी. माझ्या आयुष्यात मला इतक्या मायेने कुणी धरले नव्हते.

आणि नलिनी खरोखरच घर करू लागली. रोज कामावरून येताना ती काहीतरी आणी. नवा स्टोव्ह आला तसा जानकीचा परत गेला. विमलाचा पेला परत गेला, तो रिकामा नाही, लाडू घालून. भांडीवाल्याने नव्या ताटावर नाव कुठले घालू असे विचारले, तर नलिनीने उत्तराचे नाव घालायला सांगितले. उत्तरा जेवताना आधी भात बाजूला सारून आपले नाव वाची आणि मगच पहिला घास घेई.

एका शनिवारी ती आली ती बोललीच नाही. नलिनीने वेण्या सोडता सोडता विचारले, "काय झालं गं? बाबांनी मारलं?"

"नाही. बाबा मारत नाहीत."

"मग?"

"मी तुझं नाव काढलं ना, की बाबा मला बाल्कनीत उभं करतात. आणि आतून कडी लावतात. मग मी रस्ता बघते."

नलिनीच्या हातातला कंगवा तसाच राहिला. आतून कडी लावल्याचा आवाज तिला ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी तिने जानकीला सांगितले आणि सोमवारी वकिलांना. वकील म्हणाले, "मुलीचं बोलणं आईनेच पढवलंय, असं समोरचे म्हणतील. आपण आधी घराचं बघू. घर पक्कं दिसलं की बाकीचं आपोआप सोपं होईल." नलिनीने ते शब्द जानकीला जसेच्या तसे सांगितले. तिला धीर आला होता. घर पक्के करणे तिच्या हातात होते, असे तिला वाटत होते.

पण सुनावणीची तारीख पुढे गेली. मग पुन्हा गेली. कधी नंदकुमारचे वकील आजारी, कधी न्यायाधीश रजेवर. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि कराराचे अकरा महिने संपत आले.

मार्तंडकाका वर आले. माणूस वाईट नव्हता. उत्तराला ते गोळ्या देत. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"नलिनीबाई, जागा रिकामी करावी लागेल."

"काका, फक्त निकाल लागेपर्यंत. मी लिहून देते. नंतर एक दिवस राहणार नाही."

"निकाल कधी लागेल?"

नलिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

"तुम्हांलाही ठाऊक नाही, मलाही नाही," काका म्हणाले. "माझ्या मेहुण्याने असंच दयेपोटी एकाला मुदत वाढवून दिली. ती जागा गेली ती गेलीच. मेहुणा आता त्याच्या बहिणीच्या दारी आहे. तुम्ही तशा नाही, मला कळतं. पण मी म्हातारा माणूस. मी कायद्याशी खेळत नाही."

"माझी मुलगी जाईल हो काका."

काका उठले. जाताना त्यांनी माझ्यावरची बाहुली उगाच सरळ केली. पण शब्द बदलला नाही.

मग नलिनी रोज कामावरून सुटून जागा शोधायला जाऊ लागली. भांडुप, घाटकोपर, कुर्ला, शेवटी गोवंडीपर्यंत. परत आली की चपला न काढताच माझ्यावर बसे. जानकीने विचारले की एकेक सांगे.

"घाटकोपरला जागा छान होती. मालकीण म्हणाली, नवरा कुठे असतो? मी खरं सांगितलं. तर म्हणाली, आमच्याकडे सगळी घरंदाज माणसं आहेत."

"खोटं सांग ना मग! दुबईला आसा म्हणून सांग."

"कुर्ल्याला तेही सांगितलं. म्हणाला, त्याला सही करायला बोलवा."

जानकी कांजूरला एका खोलीत नवरा, सासू आणि चार मुलांसह राहत होती. ती म्हणाली, "माझ्याकडे ये. एक कोपरो देतंय. पोरांच्यात पोर वाढेल." दोघींनाही माहीत होते, कोर्टाला तो कोपरा चालणार नाही. तरी नलिनीने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

आणि नेमकी तेव्हा तारीख लागली.

त्या दिवशी दोघी दुपारीच परत आल्या. नलिनी माझ्या कडेला बसली. तिच्या पिशवीत उत्तराचे ताट, स्टोव्हची पावती, सुहासिनीबाईंना दाखवायला नेलेले सगळे होते. तिने ते बाहेरसुद्धा काढले नाही.

"त्यांच्या वकिलाने एकच विचारलं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात तुम्ही कुठे राहणार? मला उत्तर देता आलं नाही, जानकी. मी नुसती उभी राहिले. सुहासिनीबाई खाली बघत होत्या."

निकाल लागला होता. मुलगी वडिलांकडे राहणार होती. आईने महिन्यातून एका रविवारी, बोरिवलीच्या घरी, वडिलांच्या समोर भेटायचे. पुढच्या महिन्यापासून शनिवार बंद.

मित्रांनो, शेवटचा शनिवार मात्र आमच्या वाट्याला आला. नलिनीने शिरा केला. बाहुलीला नवा फ्रॉक शिवला. उत्तराला काही सांगायचे नाही असे तिने ठरवले होते, पण मुलांना कळते. रिकाम्या फळ्या आणि बांधलेली गाठोडी पाहून ती म्हणाली, "आई, आपण कुठे चाललो?"

नलिनीने तिला जवळ घेतले आणि जेवढे सहा-सात वर्षांच्या मुलीला सांगता येईल तेवढे सांगितले.

नंदकुमार एरवी खाली स्कूटरचा हॉर्न वाजवी आणि उत्तरा जिना उतरून जाई. त्या रविवारी हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि उत्तरा गेली नाही. ती माझ्यावर पालथी पडली आणि दोन्ही हातांनी तिने माझा डोक्याकडचा दांडा घट्ट धरला.

"मी नाही जाणार. मी इथेच राहणार. हा माझा पलंग आहे."

जिन्यावर बुटांचा आवाज आला. नंदकुमारला मी प्रथमच पाहिले. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, नीट विंचरलेले केस. त्याने दारातूनच सांगितले, "उत्तरा, तमाशा नको."

ती आणखी घट्ट बिलगली. माझे सांधे कुरकुरले. मला वाटले, आपल्यालाही हात असते तर!

तो नलिनीकडे वळला. आवाज अगदी खालचा. "मुलगी पाठवताना आईने अडथळा आणला, असं मला कोर्टाला सांगावं लागेल. मग तो रविवारही नाही. तू ठरव."

तो तिच्या बहिऱ्या कानाच्या बाजूने बोलला, तरी नलिनीला ते ऐकू आले. ती माझ्यापाशी गुडघ्यांवर बसली. तिने उत्तराची बोटे एकेक करून माझ्यावरून सोडवली. नंदकुमारने नाही, तिने. एक बोट सुटले की दुसरे पुन्हा धरत होते. पोर "आई नको, आई नको" म्हणत होती. शेवटी ती दमली.

नलिनीने तिचे डोळे पुसले, मोजे वर ओढले, आणि तोंड तिच्या कानाशी नेले.

"ऐक बाळा. डबा रोज संपवायचा. आणि बाल्कनीत उभं केलं ना, तर शेजारच्या काकूंना हाक मारायची. घाबरायचं नाही. मोठ्याने मारायची. म्हणून दाखव मला."

"काकू," उत्तरा म्हणाली.

"मोठ्याने."

"काकू!"

"शाबास."

तो तिला घेऊन गेला. नलिनी खिडकीत गेली नाही. ती मला टेकून जमिनीवर बसली, आणि जानकी येईपर्यंत तिने स्वयंपाकघरात उतू जाणाऱ्या दुधाकडेही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. नलिनीने अण्णांना विचारले, "हा पलंग विकाल का?"

"विकेन की. पण ठेवाल कुठे ताई?"

ती पुन्हा वसतिगृहात चालली होती. तिथे पलंग त्यांचेच असतात. ती "हो, तेही खरंच," असे म्हणाली आणि बाजूला झाली. अण्णा म्हणाले, "मी बाजूला ठेवतो. जागा मिळाली की सांगा." अण्णांनी मला खरेच बाजूला ठेवले. पण लग्नसराई आली, पलंग कमी पडले, आणि एके दिवशी मीही टेम्पोत चढलो. त्यांना दोष देत नाही. त्यांचे पोट आमच्यावरच होते.

पुढे एकदा जानकी दुकानात आली. मुलीच्या लग्नासाठी खुर्च्या हव्या होत्या तिला. अण्णांनी नलिनीची चौकशी केली.

"तीन-चार रविवार भेटली मुलगी," जानकी म्हणाली. "मग एकदा गेली, तर दाराला कुलूप. बदली करून घेतली म्हणे त्याने. कुठे, ते कुणी सांगत नाही. शेजारच्या काकू तेवढं म्हणाल्या, की पोर अधूनमधून त्यांना हाक मारायची. मोठ्याने. त्यांनी जाऊन दार वाजवलं की तो कडी काढायचा."

"आणि ताई?"

"वरच्या कोर्टात अर्ज केलाय. तारखांना जाते. अजून जाते."

आता माझा हिरवा रंग उडाला आहे. पट्ट्या सैल झाल्या आहेत. नवीन लाकडी पलंग आल्यापासून मी दुकानाच्या मागे भिंतीला टेकून उभा आहे. पावसाचे पाणी पाठीवर येते आणि गंज चढतो. माझी दुःखे एवढीच, आणि ती थोडे तेल लावले तर बरी होतील. मी ती सांगायला बोललो नाही.

मित्रांनो, उत्तरा कुठल्या गावी आहे मला ठाऊक नाही. कदाचित ती कुठल्याशा शाळेत वर्षाच्या मध्येच आली असेल. गप्प बसत असेल. कुणी दार लोटले की दचकत असेल. तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी आली, तर तुझे घर कुठले आणि आई का येत नाही, असे पहिल्याच दिवशी विचारू नका. बाकावर थोडे सरका आणि तिला शेजारी बसू द्या. आणि कधी कुणाच्या बंद दारामागून लहान मुलाची हाक ऐकू आली, तर ते दुसऱ्याचे घर आहे म्हणून पुढे जाऊ नका. थांबा, आणि मोठ्या माणसांना घेऊन ते दार वाजवा.